हितं व्हतंय का?

नाना येळवंड्यांच्या नाकासमोरून विकतचा समोसा घेऊन जाणं हा आमच्या कंपनीत गुन्हा आहे. तो कुठल्या कायद्यात नाही, कंपनीच्या नियमावलीत नाही, गेटवरच्या सुरक्षेच्या फलकावरही नाही. तरीसुद्धा कुरुळीच्या आमच्या कारखान्यातली धट्टीकट्टी माणसं कागदी पुडी शर्टाच्या आत दडवून चोरासारखी कँटीनमध्ये शिरतात, आणि नाना दाराशी उभं राहून वास घेतात.

"शेळके, थांब. काय हाय शर्टात?"

"काही नाही नाना. कागद आहेत."

"कागदाला चिचंच्या चटणीचा वास येतुय व्हय? काढ भाईर."

समोसा बाहेर येतो. नाना तो उलटा करून बघतात, सुलटा करून बघतात, आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात. "हितं व्हतंय का?"

म्हणजे हा पदार्थ घरी करता येतो का? शेळके फोरमन आहे, पन्नास माणसांवर ओरडतो, पण इथे मान खाली घालून सांगतो, "होतंय."

"मग ड्युटी."

नानांच्या खिशातून पत्र्यावर खुणा करायचा पांढरा खडू निघतो, आणि शेळकेच्या हेल्मेटवर ठसठशीत गोल उमटतो. समोसा परत मिळतो, तो नानांना नकोच असतो. ड्युटी भरायची ती दुसऱ्या दिवशी, घरी केलेल्या पदार्थात. वाटीभर उसळ, चतकोर भाकरी, चमचाभर ठेचा, काहीही चालतं, पण घरच्या चुलीवरचं हवं. ते नानांच्या चारपुडी डब्यात पडलं की नाना फडक्याने गोल पुसतात. तोवर माणूस डोक्यावर गुन्हा घेऊन कारखानाभर हिंडतो.

हे वेड नानांना आधीपासून नव्हतं. ते मी लावलं. तेव्हा ती हकिगत मीच सांगायला हवी.

आमची कंपनी पवनचक्क्यांचे टॉवर बनवते. जाड पोलादी पत्रा पापडासारखा लाटायचा, गोल वळवायचा, त्याचा डबा करायचा आणि डब्याला डबा जोडत जायचं. सगळ्यात खालच्या डब्याला दरवाजा असतो. पवनचक्कीला दरवाजा असतो हे मलाही नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. आत शिडी असते, वर दुरुस्तीला माणूस चढतो, त्याला आत शिरायला नको का? तो दरवाजा बसवायचं काम नानांचं. माल गाडीवर चढण्याआधी नाना दरवाज्यावर तीनदा थाप मारतात आणि आत तोंड घालून विचारतात, "आत कोन हाय का?" लोक हसतात. पण एकदा दुपारच्या जेवणानंतर आतून शेळके डोळे चोळत बाहेर आला होता. नानांनी थाप मारली नसती तर आमचा फोरमन गाढ झोपेतच अमेरिकेला एक्सपोर्ट झाला असता.

हो, अमेरिकेला. आमचा निम्म्याहून जास्त माल तिकडे जायचा. मग तिथल्या टॉवरवाल्यांनी त्यांच्या सरकारकडे तक्रार केली, की बाहेरचे टॉवर फार स्वस्तात येतात आणि आमचा धंदा बसतो. झाली चौकशी, आणि बाहेरून येणाऱ्या टॉवरवर ड्युटी बसली. आमच्या ऑर्डरी आटल्या. शॉपच्या, म्हणजे टॉवर बनतात त्या शेडच्या, तीन लायनींपैकी दोन बंद पडल्या. कंत्राटी वेल्डर गाशा गुंडाळून आपापल्या गावी गेले, आणि उरलेल्यांचा ओव्हरटाइम गेला.

मी कंपनीच्या एक्सपोर्ट विभागात बसते. साळवे मॅडम म्हणतात मला. एके दिवशी नाना माझ्या टेबलापाशी आले. ऑफिसच्या फरशीवर पाय ठेवायचा म्हणून त्यांनी बूट दाराबाहेर काढले होते.

"मॅडम, ही ड्युटी म्हंजे नेमकं काय असतंय?"

मला त्या दिवशी दहा कामं होती आणि माझा स्वभाव मुळातच तिखट. पण म्हातारा माणूस मोज्यांवर उभा राहून विचारतोय म्हटल्यावर मी समजावून सांगितलं. "हे बघा नाना, समजा तुमच्या घरी भाकरी होते. बाहेरून कुणी स्वस्तात भाकरी आणून द्यायला लागलं. सगळे तीच खायला लागले, तर घरातली चूल बंद पडेल की नाही? ती पडू नये म्हणून बाहेरच्या भाकरीवर जास्तीचा कर लावायचा. ती ड्युटी."

नाना म्हणाले, "म्हंजे चूल बंद पडू नये म्हणून."

"हो."

"मग चांगली हाय की."

ज्या ड्युटीने आमचं शॉप बसलं तिला चांगली म्हणणारा हा एकच कामगार. मी कपाळावर हात मारून घेतला आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी नाना खडू घेऊन कँटीनच्या दारात उभे.

"त्यांनी आपल्या टॉवरला लावली. मग आपुन का लावू नये?" असं त्यांनी जाहीर केलं. युनियनने आधी मस्करीवर नेलं. आठवड्याभरात मस्करीचा कायदा झाला आणि त्याला पोटकलमं फुटली. वाढदिवसाच्या केकला डबल ड्युटी, कारण एक तर विकतचा आणि वर बेकरीवाल्याने नावही चुकीचं लिहिलेलं. कोकणातून आंबा आला तर माफी, कारण आंबा कुरुळीत होत नाही. मात्र तपासणीसाठी एक नमुना ठेवून घेतला जाईल. देवाचा प्रसाद आणि औषध माफ. कंपनीच्या मशीनचा चहा माफ, "कारन त्यो कसाबी असला तरी आपलाच हाय." सगळ्यात भयंकर कलम कांद्याचं. एका नव्या इंजिनियरने सासुरवाडीहून, नाशिककडून, कांद्याची पिशवी आणली होती. चाकणच्या कांदाबाजारापासून हाकेच्या अंतरावर बाहेरचा कांदा. नाना त्या पिशवीकडे बघत राहिले. "मार्केट दिसत न्हाई का तुमाला येता-जाता?" त्या पोरसवदा इंजिनियरच्या हेल्मेटवर तीन गोल आले. पुढचे तीन दिवस त्याच्या बायकोने पिठलं, झुणका आणि मेथीची भाजी पाठवली, तेव्हा कुठे डोकं स्वच्छ झालं.

वेड नुसतं कारखान्यापुरतं राहिलं नाही. गावातल्या एका लग्नात नवरी बारामतीकडची होती. नाना वराच्या बापाला म्हणाले, "हितं पोरी न्हाईत व्हय?" आणि ड्युटी म्हणून सासूच्या हातचा शिरा मागून घेतला. तो शिरा दुसऱ्या दिवशी रीतसर त्यांच्या घरी पोचला असं ऐकते.

शेळके मात्र मला कोडं होता. रोज पकडला जायचा. समोसा, वडापाव, कचोरी, एकदा तर नुसता ब्रेडचा पुडा, तोही हातात धरून. "अरे, एवढा फोरमन माणूस, तुला नीट लपवता येत नाही?" असं मी विचारलं. "नाहीच जमत मॅडम," म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातची गरम भाजी घेऊन हजर. मनात म्हटलं, काही माणसं वयाने वाढतात, अकलेने नाही.

आता माझी गोष्ट. डब्याच्या बाबतीत मी या कायद्यात कधीच सापडले नाही, आणि याचा मला फार गर्व होता. मी आकुर्डीला एकटी राहते. आई गेल्यापासून घरात गॅस पेटतो तो चहापुरता. सकाळी बस पकडायच्या आधी चौकातल्या पोळीभाजी केंद्रातून दोन पोळ्या आणि एक भाजी घ्यायची, स्टीलच्या डब्यात भरायची, की झालं घरचं जेवण. नाना टेबलापाशी येऊन झाकण उघडून बघायचे.

"घरचं?"

"घरचं."

ते क्षणभर माझ्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. एकदा मी खारीच्या पुड्यासकट सापडले, तर माझ्याकडे हेल्मेट नाही म्हणून त्यांनी डब्याच्या झाकणावर गोल काढला. दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्याच दोन पोळ्या आणि मटकीची उसळ ड्युटी म्हणून भरली. त्यांनी ती निमूटपणे डब्यात ठेवून घेतली आणि झाकण पुसलं. अख्ख्या कारखान्याला वासावरून पकडणारा माणूस मला पकडू शकत नाही, याचं मला हसू यायचं. पुढे पुढे तर मी मजेत, खारी न आणताही, आठवड्यातून एकदा त्यांच्या डब्यात पोळी टाकू लागले. फसवणुकीतही एक सातत्य असावं.

मग आली फेरतपासणी. आमच्या कंपनीने अर्ज केला होता, की आम्ही खर्चाच्या खाली माल विकत नाही, आमच्यापुरती ड्युटी कमी करा. त्यासाठी तिकडचा अधिकारी येऊन कागदपत्रं आणि कारखाना दोन्ही बघणार होता. मी कित्येक महिने फायलींत बुडालेली होते. निकाल आमच्या बाजूने लागला तर शॉप चालू राहणार, नाही लागला तर टॉवर शॉपला कुलूप. हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

प्लांट हेडनी पहिला हुकूम काढला, "त्या दिवशी येळवंडेंना रजा द्या." पण नानांची वर्षाची रजा केव्हाच संपलेली होती. एवढी रजा हा माणूस कशाला घेतो हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं. शेवटी त्यांना बजावून ठेवलं, की साहेब येतील तेव्हा दरवाज्यापाशी उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही.

साहेब आले. उंच, शेलाटा, अतिशय सभ्य माणूस. दिवसभर कागद तपासले, दुपारी शॉपमध्ये आला. टॉवरचा दरवाजा त्याला फार आवडला, हात फिरवून बघितला. मग बहुधा भूक लागली असेल, त्याने खिशातून एक चकचकीत वेष्टनातली पट्टी काढली आणि फाडली.

नानांनी वास घेतला.

"मॅडम, इच्यारा त्यांना."

"नाना, नको."

"इच्यारा की. हितं व्हतंय का?"

साहेब माझ्याकडे बघतोय, नाना माझ्याकडे बघतायत, प्लांट हेड छताकडे बघतायत. मी विचारलं. अधिकारी माणूस, त्याला वाटलं हा चौकशीतलाच भाग आहे. त्याने वेष्टन वाचून गंभीरपणे उत्तर दिलं, की नाही, हे माझ्या देशातून आणलेलं आहे.

"ते कळलं. पन त्यात शेंगदानं हायती आन गूळ हाय. म्हंजे चिक्की हाय ही. चिक्की लोनावळ्याला व्हतीया. ड्युटी."

आणि मी काही करायच्या आत नाना टाचा वर करून उभे राहिले आणि अमेरिकन सरकारच्या हेल्मेटवर त्यांनी पांढरा गोल काढला.

साहेबाने हेल्मेट काढून गोल बघितला आणि मला विचारलं, ही सुरक्षेची खूण आहे का? खोटं बोलायची मला एवढी सवय, पण त्या क्षणी एकही खोटं सुचेना. मी सगळं खरं सांगून टाकलं. तुमच्या देशाने आमच्या टॉवरवर लावली, म्हणून हे आमच्या डब्यांवर लावतात, चूल बंद पडू नये म्हणून. साहेबाने ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, यावर अपील करता येतं का?

"अपील न्हाई," नाना म्हणाले. "पन फेरतपासनी हाय. उद्या सोताच्या हातानं केल्यालं काय बी आना. पुसून टाकतो."

साहेबाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. प्लांट हेडनी तिथेच एका खोक्यावर बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी साहेब आला तो थेट नानांपाशी. खिशातून हॉटेलच्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं उकडलेलं अंडं काढलं. हॉटेलच्या खोलीत चूल नाही, म्हणून चहाच्या किटलीत उकडलं, असं त्याने मला सांगितलं. मी नानांना सांगितलं.

"सोता उकडलं?"

"स्वतः."

नानांनी अंडं डब्यात ठेवलं आणि फडक्याने हेल्मेट पुसलं, अगदी कडेपर्यंत. साहेबाने हात पुढे केला. नानांनी आपला हात पँटला पुसून तो हातात घेतला.

साहेब गेल्यावर जो तो नानांवर तुटून पडला. आता ड्युटी दुप्पट होणार, या म्हाताऱ्याने शॉप बुडवलं, खडू फेकून द्या त्याचा. नानांनी कँटीनच्या दारात उभं राहणंच चार दिवस सोडलं. गंमत म्हणजे त्या चार दिवसांत कुणालाच विकतचं खायची हौस राहिली नाही. पाचव्या दिवशी शेळकेने वडापावची पुडी मुद्दाम नानांच्या नाकाखाली नेऊन धरली, तेव्हा पुन्हा गोल उमटला.

पण नाना बदलले होते. रोज संध्याकाळी बूट काढून माझ्या दारात यायचे. "मॅडम, कागद आला का?"

"नाही आला नाना."

"उलटा आला तर शॉप बंद?"

"बंद."

"मग समदी मान्सं जातील?"

"जातील."

"समदीच?"

मला वाटायचं, निवृत्तीला आलेला माणूस, गावात चार खोल्या भाड्याने दिलेल्या, याला कशाची एवढी धास्ती? एकदा वैतागून म्हटलंही, "नाना, तुमचं काय अडणार आहे? तुम्ही आरामात घरी बसाल." ते नुसतं "व्हय" म्हणाले आणि बूट घालायला वाकले. ते मी बोलायला नको होतं, हे मला त्यांच्या पाठीकडे बघून कळलं, पण का ते कळलं नाही.

आणि एका सकाळी कागद आला. आमच्या कंपनीपुरती ड्युटी जवळजवळ शून्यावर आली होती. मी तो तीनदा वाचला आणि मग चपला हातात घेऊन शॉपकडे पळत सुटले. जिन्यात एक पाय घसरला, तरी पळतच राहिले. शेळकेने भोंगा वाजवला, वेल्डरांनी पत्र्यांवर हातोडे बडवले, प्लांट हेड चक्क नाचले, आणि त्यांचा नाच बघून माणसं आणखी हसली. चाकणहून पेढे मागवले गेले. विकतचे, किलोवारी. सगळ्यांनी पेढा हातात घेतला आणि सवयीने कँटीनच्या दाराकडे बघितलं.

नाना नव्हते. त्या दिवशी ते बिनपगारी सुट्टीवर होते.

शिफ्ट सुटताना शेळके माझ्याकडे आला. हातात मोठी पिशवी, तीत सहा-सात डबे.

"मॅडम, तुम्ही जाताय ना नानांना सांगायला? मग एवढं घेऊन जा. आजची ड्युटी."

"आज तर ते नव्हतेच. कुणी लावली ड्युटी?"

"कुणी नाही," शेळके म्हणाला. "बाकी राहायला नको म्हणून."

मी माझ्या डब्यातली केंद्राची उरलेली पोळी त्यात टाकली आणि कुरुळी गावात गेले.

नानांचं घर शोधायला लागलं नाही. "खानावळवाले येळवंडे ना?" असं पानवाल्याने उलट मलाच विचारलं. अंगणात पत्र्याची लांबलचक शेड होती. तीत बाकडी एकावर एक रचलेली, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला, दोन माणसांना उचलावा लागेल एवढा मोठा तवा. त्यावर गंज चढला होता.

आत कॉटवर एक बाई उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. नाना समोर स्टुलावर, हातात ताटली. मला बघून ते गडबडले, पण ताटली खाली ठेवली नाही.

"ही आमची सुमन," ते म्हणाले. "बरं न्हाई दोन दिस. ताप व्हता. आता उतरलाय."

मी आधी कागदाचं सांगितलं. नाना ऐकत होते. मग बायकोकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का? शॉप न्हाई बंद व्हनार. समदी हायती तिथंच." आणि खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसायच्या निमित्ताने त्यांनी डोळे पुसले.

सुमनकाकूंनी बावीस वर्षं खानावळ चालवली होती. कारखान्यातली एकटी राहणारी सगळी पोरं त्यांच्या हातचं खाऊन मोठी झाली. शेळके लग्नाआधी सात वर्षं तिथेच जेवायचा. मग दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं, आणि त्यांनी खाणं सोडलं.

"मी केल्यालं खाईना," नाना सांगत होते. "हाटेलातलं आनलं, तर तोंड फिरवती. जल्मभर दुसऱ्यास्नी वाढल्यालं, आता विकतचं कसं गिळंल? मग एकदा शेळक्याच्या घरची भाजी आनली. खाल्ली. आन म्हनली काय, तर तेल जास्त." नानांचा चेहरा खुलला. "तवापासनं हेच. कुनाच्या घरचं हाय ते मी सांगायचं, हिनं चाखायचं आन खोड काढायची. येक घास, येक खोड. तसं करत करत ताटली संपती."

"मग नुसतं सांगायचं ना नाना. मागितलं असतं तर कुणी नाही म्हटलं असतं का?"

"मागितलं तर उपकार व्हतोय मॅडम. हिनं अख्ख्या कंपनीला जेवू घातलंय. हिच्यासाठी मी हात पसरू? ड्युटी म्हनलं की कायदा व्हतोय."

शेळकेच्या रोजच्या समोशाचा अर्थ मला तेव्हा, त्या घरात उभ्या उभ्या कळला. अकलेने कोण वाढलं नव्हतं तेही कळलं.

"आणि त्या साहेबाचं अंडं?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"ते बी खाल्लं की. म्हनली, लई उकडलंय."

काकूंच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. त्या हसत होत्या.

नानांनी डबे उघडले आणि एकेक घर सांगत घास भरवू लागले. हे शेळक्याचं. हे पेंटरच्या आईचं. मग माझी पोळी निघाली. नानांनी तुकडा मोडला आणि जरासे थांबले. काकूंनी तो चावला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, "इकतची."

"नाना, मी..."

"पयल्या दिवशीच वळखली हिनं," नाना म्हणाले. "दोन पोळ्या येका मापाच्या निघाल्या. घरच्या कधी तशा निघत न्हाईत."

"मग मला पकडलं का नाही?"

नाना पोळीचा दुसरा तुकडा मोडत म्हणाले, "तुमच्या घरात करायला कोन हाय, मॅडम? ज्याची चूल आधीच बंद हाय त्याला कसली ड्युटी? हिनंच सूट दिलीया तुमाला. म्हनली, घे. बाय येकटी हाय."

वर्षभर मी ज्यांना फसवत होते ते दोघं वर्षभर माझी पोळी गोड मानून घेत होते. मी तिथे जास्त वेळ बसले नाही. बसले असते तर रडले असते, आणि ते मला कामावरच्या माणसांसमोर आवडत नाही.

आमचं मूळ घर अंबाजोगाईकडचं. आई दरवर्षी येसर करून ठेवायची: डाळी, धान्यं, मसाले भाजून दळलेलं पीठ, त्याची आमटी. तिने केलेल्या शेवटच्या येसराची बरणी माझ्या फ्रीजमध्ये मागे ढकललेली होती. ती संपली की संपलं, म्हणून मी तिला दोन वर्षं हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी ती उघडली. फोडणी पहिल्यांदा करपली. दुसऱ्यांदा बरी जमली. भाकरी दोन केल्या. एक जाड झाली, एक तर तुटलीच. एका मापाच्या काही झाल्या नाहीत.

कँटीनच्या दारात नाना उभे होते. हातात खडू. त्यांनी विचारायच्या आधीच मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि डबाच ठेवून घेतला. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. नवीन ऑर्डरचे कागद आले होते, तेही मी उलटे लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना बूट काढून माझ्या दारात आले.

"खाल्ली?" मी विचारलं.

"मीठ कमी हाय म्हनली."

"अजून काय म्हणाल्या?"

"काय न्हाई." नाना रिकामा डबा माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले. "डाव्या हातानं वाटी पुन्यांदा पुढं केली."